नोंदणी टिकवणारी परीक्षा आणि सदस्यत्व टिकवणारे तास

तालुक्याच्या बाजारपेठेत जीएसटीचे रिटर्न भरून देणाऱ्या प्रत्येकाला व्यापारी सरसकट ‘आमचे सीए’ म्हणतात. ज्याला तसे म्हटले जाते तो पुष्कळदा सीए नसतो. तो वस्तू व सेवा कर कायद्याखाली नोंदलेला जीएसटी प्रॅक्टिशनर असतो आणि त्याच्या खुर्चीमागच्या भिंतीवर ‘पीसीटी-०२’ या नमुन्यातील प्रमाणपत्र चौकट करून लावलेले असते. व्यापाऱ्याला हा घोळ फारसा महागात पडत नाही, कारण दोघेही ‘जीएसटीआर-३बी’ हे जीएसटीचे विवरणपत्र भरून देतातच. महागात पडतो तो खुद्द व्यावसायिकाला, जेव्हा तो एकाच्या अटी दुसऱ्याला लावून मोकळा होतो. ‘सीएला कुठे पुन्हा परीक्षा द्यावी लागते? मग आपल्यालाच कशाला?’ हा प्रश्न करसल्लागारांच्या बैठकांत मी अनेकदा ऐकला आहे. प्रश्न रास्त आहे, पण त्यामागचा समज चुकीचा आहे. सीएला पुन्हा परीक्षा नाही, पण त्याच्यामागे दरवर्षी शिकण्याच्या तासांचा हिशेब आहे. जीएसटी प्रॅक्टिशनरमागे तो हिशेब नाही, पण नोंदणी टिकवण्यासाठी परीक्षेची अट आहे.

मुळात एक आहे ‘नोंदणी’ आणि दुसरे आहे ‘सदस्यत्व’. जीएसटी प्रॅक्टिशनरची नोंदणी केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ च्या कलम ४८ आणि नियम ८३ खाली होते. अर्ज ‘पीसीटी-०१’ मध्ये करायचा, अधिकाऱ्याने छाननी करायची आणि ‘पीसीटी-०२’ द्यायचे. मध्ये कोणतीही संस्था नाही, संबंध थेट करखात्याशी. सीएचे सदस्यत्व हे चार्टर्ड अकाउंटंट्स अधिनियम, १९४९ ने स्थापन केलेल्या संस्थेचे असते, आणि स्वतंत्र व्यवसाय करायचा असेल तर त्यावर आणखी ‘सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिस’, म्हणजे बोलीतले ‘सीओपी’, घ्यावे लागते. ही संस्था १ जुलै १९४९ रोजी सुरू झाली आणि जीएसटी १ जुलै २०१७ रोजी लागू झाला. तारीख जुळली म्हणून अटीही जुळतील असे मात्र नाही.

खरी गंमत, आणि खरी अडचणही, ‘पीसीटी-०२’ मध्ये आहे. या प्रमाणपत्रावर मुदत संपण्याची तारीख नसते, कारण नियमच सांगतो की नोंदणी रद्द होईपर्यंत वैध राहील. एवढे वाचून बहुतेक लोक पुस्तक मिटतात. परंतु नियम ८३ च्या पोट-नियम (३) ला परंतुके, म्हणजे मूळ वाक्याला घातलेल्या अटी, जोडलेली आहेत, आणि कायद्याच्या पुस्तकात परंतुक हे नेहमी मूळ वाक्यापेक्षा लक्ष देऊन वाचायचे असते. पहिले परंतुक म्हणते की ठरवून दिलेली परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय नोंदलेली व्यक्ती नोंदणीवर राहण्यास पात्र राहणार नाही. दुसरे परंतुक जुन्या लोकांसाठी आहे: पूर्वीच्या कायद्याखाली विक्रीकर सल्लागार किंवा कर विवरणपत्र तयार करणारे म्हणून किमान ५ वर्षे नोंदलेले आणि त्या अनुभवावर जीएसटीत आलेले जे होते, त्यांच्यावर जीएसटी लागू झाल्यापासून ठरावीक मुदतीत उत्तीर्ण होण्याचे बंधन आले. ही मुदत आधी एक वर्ष होती, मग १८ महिने झाली, शेवटी ३० महिने, म्हणजे ३१ डिसेंबर २०१९ पर्यंत. बाकीच्यांसाठी नियम ८३अ मध्ये नोंदणीपासून दोन वर्षांची मुदत आहे आणि १ जुलै २०१८ पूर्वी नोंदलेल्यांना त्यात आणखी एक वर्ष जोडून दिले आहे. म्हणून भिंतीवरच्या चौकटीत मुदत शोधायची नाही; नोंदणीची तारीख पाहायची आणि मुदत नियमातून मोजायची.

‘नोंदणी मिळण्याची पात्रता’ आणि ‘नोंदणीवर राहण्याची पात्रता’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेच येथे सगळ्यात जास्त निसटते. वाणिज्य, विधी, बँकिंग किंवा व्यवसाय व्यवस्थापन यांतील पदवी, किंवा जुन्या कायद्यातील ५ वर्षे, किंवा करखात्यातील राजपत्रित सेवा, हे सगळे दार उघडण्यासाठी आहे. आत टिकण्याची अट वेगळी आहे. तीस वर्षे विक्रीकर पाहिलेल्या ज्येष्ठ सल्लागारांना हे अपमानास्पद वाटले आणि त्यांचे वाटणे मला अगदीच गैर वाटत नाही. तथापि नव्या कायद्यात करपात्रतेची मूळ घटनाच बदलून ‘विक्री’ऐवजी ‘पुरवठा’ झाली होती, आणि व्हॅटच्या ‘सेट-ऑफ’ची सवय घेऊन आयटीसीचे, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराच्या क्रेडिटचे, नियम वाचणाऱ्याच्या चुका आम्ही सगळ्यांनी पाहिल्या आहेत.

परीक्षा घेण्याचे काम नेसिन या राष्ट्रीय अकादमीकडे आहे आणि पहिली परीक्षा ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी झाली. स्वरूप सोपे आहे: संगणकावर १०० बहुपर्यायी प्रश्न, २०० गुण, अडीच तास, उत्तीर्ण होण्यास १०० गुण, आणि चुकीच्या उत्तराला उणे गुण नाहीत. म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट मिळते आणि कोरा सोडलेला प्रश्न हा निव्वळ तोटा ठरतो. मुदतीच्या आत कितीही वेळा बसता येते, मात्र प्रत्येक वेळी नव्याने नोंदणी करून शुल्क भरावे लागते. निकाल पटला नाही तर कारणांसह लेखी निवेदन देण्याची सोय आहे.

या परीक्षेत रोज रिटर्न भरणारा माणूसच का अडखळतो, हे समजून घेणे तयारीच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचे आहे. पोर्टल आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर कायद्यातील बहुतेक निर्णय आपोआप घेत असते, त्यामुळे काम करणाऱ्याच्या हाताला सवय होते आणि डोक्याला नियम लागत नाही. आयजीएसटीचे (आंतरराज्य व्यवहारावरील कराचे) क्रेडिट आधी पूर्ण वापरायचे आणि त्यानंतरच सीजीएसटी (केंद्राचा कर) व एसजीएसटी (राज्याचा कर) यांच्या क्रेडिटला हात लावायचा, हा क्रम पोर्टल लावून देते. कोणत्या कलमामुळे तसे होते आणि सीजीएसटीचे क्रेडिट एसजीएसटीसाठी का वापरता येत नाही, हे परीक्षा विचारते. व्याजाचेही तसेच आहे. समजा, एका महिन्याची देयता १,००,००० रुपये आहे, त्यातील ८०,००० रुपये आयटीसीमधून गेले, २०,००० रुपये रोखीने भरायचे होते आणि रिटर्न ३० दिवस उशिरा गेले. कलम ५० च्या परंतुकानुसार १८ टक्के व्याज केवळ रोख भागावर लागते, म्हणजे सुमारे २९६ रुपये. सगळ्या रकमेवर हिशेब केला तर १,४७९ रुपये येतात, आणि पर्यायांत हा आकडाही हमखास ठेवलेला असतो.

पुरवठ्याचे ठिकाण हा तर सवयीने फसवणारा भाग आहे. पुण्यातील एका वास्तुविशारदाने पुण्यातीलच ग्राहकासाठी पणजीतील घराचा आराखडा करून दिला. बिल पुण्याचे, ग्राहक पुण्याचा, म्हणून बिल लिहिणाऱ्याचा हात आपोआप सीजीएसटी आणि एसजीएसटीच्या रकान्यांकडे जातो. परंतु स्थावर मालमत्तेशी निगडित सेवेचे ठिकाण मालमत्ता जेथे आहे तेथे धरले जाते; आयजीएसटी अधिनियमाच्या कलम १२(३) मध्ये वास्तुविशारदाचा उल्लेख नावानिशी आहे. ठिकाण गोवा ठरले, पुरवठादार महाराष्ट्रात आहे, म्हणून कर आयजीएसटी. चुकीच्या शीर्षाखाली भरलेला कर परत मागता येतो आणि योग्य शीर्षाखाली भरताना व्याज लागत नाही, हा दिलासा कलम ७७ आणि आयजीएसटीच्या कलम १९ मध्ये आहे; भरलेले पैसे मात्र तोवर अडकतात. असे एक उदाहरण स्वतःच्या फायलीतून काढून कायद्याच्या पुस्तकाशी ताडून पाहिले, तर दहा तयार प्रश्नसंच सोडवल्याइतका उपयोग होतो, असा माझा अनुभव आहे.

प्रश्नसंचांबद्दल सावध राहावे, हेही सांगितले पाहिजे. आयटीसी घेण्याची अंतिम तारीख पूर्वी पुढील वर्षाच्या सप्टेंबरच्या रिटर्नशी बांधलेली होती. ती आता ३० नोव्हेंबर आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतांशी गेले. बाजारात आणि व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या जुन्या नोट्समध्ये यांतले काहीच नसते, आणि पाठ केलेले चुकीचे उत्तर पुसणे हे नवे उत्तर शिकण्यापेक्षा अवघड जाते. भाषेचीही एक बाब आहे. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते, मराठीत नसते. महाराष्ट्राचा स्वतःचा वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ अभ्यासक्रमात येतो आणि त्याचा मराठी पाठ उपलब्ध आहे, पण जो मराठीतून समजून घेतो त्याने संज्ञा तरी इंग्रजीतून ओळखीच्या करून ठेवाव्यात. हिंदीतील ‘आपूर्ति’ (पुरवठा) आणि ‘प्रत्यय’ (क्रेडिट) वाचताना मराठी माणसाचे ते दीड मिनिट सहज निघून जाते.

सीएची बाजू यापुढे थोडक्यात सांगता येते, कारण तेथे चक्रावून टाकणारे परंतुक नाही, केवळ चिकाटीचे काम आहे. अंतिम परीक्षा उत्तीर्ण झालेल्याला सदस्यत्व टिकवण्यासाठी पुन्हा परीक्षा द्यावी लागत नाही. वार्षिक शुल्क १ एप्रिलला देय होते, आणि ते न भरल्यास नाव नोंदवहीतून काढण्याची तरतूद कलम २० मध्ये आहे. त्याशिवाय सातत्यपूर्ण व्यावसायिक शिक्षणाचे, म्हणजे ‘सीपीई’चे, तास भरावे लागतात. सीओपी असलेल्या ६० वर्षांखालील सदस्याला २०२३ ते २०२५ या तीन वर्षांच्या गटात १२० तास लागत होते. त्यातील किमान ६० संस्थेने मान्य केलेल्या कार्यक्रमांत बसून, आणि प्रत्येक वर्षी असे किमान २० तास. उरलेले वाचन, लेखन वगैरे स्वतःच्या अभ्यासातून दाखवता येतात. व्यवसाय न करणाऱ्या सदस्याचे प्रमाण याच्या निम्मे, तीन वर्षांत ६० तास.

यात एक बारीक खोच आहे. सगळे हिशेबाचे जग मार्चअखेर मोजते, पण सीपीईचे वर्ष डिसेंबरला संपते. त्यामुळे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ऑडिटच्या मुदती सांभाळून दमलेला सीए डिसेंबरमध्ये शाखेच्या कार्यक्रमांच्या याद्या चाळताना दिसतो, आणि नाशिक असो की नागपूर, शेवटच्या आठवड्यातील सभागृह एरवीपेक्षा भरलेले असते. तास भरले म्हणजे शिकणे झाले असे नव्हे, हे त्या सभागृहातील मागच्या रांगेत मोबाइल पाहणाऱ्यांकडे बघितले की कळते. या बाबतीत जीएसटी प्रॅक्टिशनरची परीक्षा अधिक प्रामाणिक आहे. तेथे हजेरीचे गुण नाहीत. उलट एकदा उत्तीर्ण झालेल्या प्रॅक्टिशनरला पुढची वीस वर्षे काहीही नवे वाचले नाही तरी कोणी विचारत नाही, आणि दरवर्षी बदलणाऱ्या कायद्यासाठी ही व्यवस्था मला अपुरी वाटते.

दोघांच्या कामाच्या सीमाही याच फरकातून निघतात. प्रॅक्टिशनर विवरणपत्रे भरू शकतो, रोख खातेवहीत पैसे जमा करू शकतो, परताव्याचा दावा आणि नोंदणी बदलण्याचा किंवा रद्द करण्याचा अर्ज करू शकतो, मात्र परतावा किंवा नोंदणी रद्द करणे अशा बाबतींत ग्राहकाची खातरजमा घेतली जाते. एका राज्यात नोंदलेला प्रॅक्टिशनर दुसऱ्या राज्यातही या कामांसाठी नोंदलेला मानला जातो, म्हणून सावंतवाडीचा माणूस म्हापशाच्या दुकानाचे रिटर्न निर्धास्त भरू शकतो. कंपनीचे ऑडिट आणि आयकराचे टॅक्स ऑडिट ही कामे सीओपी असलेल्या सीएची. त्याच्या सहीखाली यूडीआयएन, म्हणजे त्या कागदाची ओळख पटवणारा १८ अंकी क्रमांक, येतो, प्रॅक्टिशनरच्या कागदावर तसा काही क्रमांक नसतो. अधिकाऱ्यापुढे ग्राहकाच्या वतीने उभे राहण्याचा हक्क कलम ११६ दोघांनाही देते, मात्र सीएला तो सीओपीच्या बळावर मिळतो आणि प्रॅक्टिशनरला नोंदणीच्या बळावर. रिटर्नमधील तपशील बरोबर असल्याची जबाबदारी, भरणारा कोणीही असो, कलम ४८ प्रमाणे व्यापाऱ्याचीच राहते.

करसल्लागारांच्या संघटनांचे सदस्यत्व हे तर या दोहोंहून निराळे तिसरेच प्रकरण आहे. तेथील वर्गणी भरल्याने चर्चासत्रे, परिपत्रकांच्या प्रती आणि अडल्या वेळी फोन करायला चार ओळखीची माणसे मिळतात. नोंदणी टिकत नाही आणि सीओपीही मिळत नाही. एका ज्येष्ठ सल्लागारांनी त्यांची फाइल मला दाखवली, तेव्हा संघटनेच्या पावत्या वर्षवार, नीट टाचून लावलेल्या होत्या. निकालपत्र कुठे आहे असे विचारले, तेव्हा त्यांनी भिंतीवरच्या ‘पीसीटी-०२’ कडे बोट दाखवले.