अमळनेरचं ‘काँग्रेस’ आणि संपादक साने गुरुजी

खानदेशात साने गुरुजींचं नाव निघालं की श्यामची आई आठवते, शाळेतली प्रार्थना आठवते. राजकारणावर नेमाने लिहिणारा संपादक फारसा कुणाला आठवत नाही. मला ही मोठी उणीव वाटते.

गुरुजी मूळचे कोकणातले, पालगडचे. 1924 साली ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. वसतिगृहातल्या मुलांसाठी त्यांनी ‘छात्रालय’ नावाचं दैनिक काढलं, तेही हस्तलिखित. छापखाना नाही, जाहिरात नाही. मास्तर स्वतः लिहिणार आणि पोरं वाचणार. 1928 मध्ये ‘विद्यार्थी’ मासिक निघालं. 1930 ला नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि गुरुजी ते उतरवून घेत. बोलणाऱ्याचा वेग गाठत त्याचा शब्द न बिघडवता लिहायचं, हे बातमीदाराचंच कसब.

डिसेंबर 1936 मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलंच, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. त्यासाठी गुरुजी गावोगाव हिंडले. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं काँग्रेस मंत्रिमंडळ आलं, आणि 1938 मध्ये गुरुजींनी अमळनेरहून साप्ताहिक सुरू केलं. नाव ठेवलं ‘काँग्रेस’.

इथेच त्यांची खरी कसोटी होती. अतिवृष्टीने पूर्व खानदेशातली पिकं गेली, शेतसारा मात्र डोक्यावर होताच. राज्य आपल्याच पक्षाचं, साप्ताहिकाला नावही पक्षाचंच. तरी गुरुजी सारामाफीसाठी उभे राहिले, जागोजागी सभा घेतल्या, मिरवणुका काढल्या. धुळे-अमळनेरच्या गिरणी कामगारांच्या युनियनचं कामही त्यांनी अंगावर घेतलं. विरोधकांवर टीका करायला फारसं धैर्य लागत नाही. आपली माणसं खुर्चीवर बसलेली असताना शेतकऱ्याची बाजू घ्यायला लागतं. त्यांचं लेखन हळवं म्हणून बाजूला ठेवणाऱ्यांनी हा काळ पाहावा. तो हळवेपणाच त्यांना बांधावर आणि गिरणीच्या दारात घेऊन गेला.

15 ऑगस्ट 1948 ला मुंबईत त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केलं आणि 11 जून 1950 ला जग सोडेपर्यंत त्याचं संपादन केलं. ‘साधना’ आजही पुण्याहून निघतं.