ॲक्टिव्ह स्पीकर फक्त कॉम्प्युटरसाठी नसतात

‘गाणं ऐकायचं तर वेगळा ॲम्प्लिफायरच हवा’, हे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात आजही ऐकू येतं. ते खरं नाही. फिनलंडची जेनेलेक कंपनी १९७८ पासून स्टुडिओंसाठी ॲक्टिव्ह, म्हणजे आतच ॲम्प्लिफायर असलेले, स्पीकर बनवते आहे.

खऱ्या ॲक्टिव्ह स्पीकरमध्ये क्रॉसओव्हर (खालचे आणि वरचे सूर वेगळे करणारं सर्किट) ॲम्प्लिफायरच्या आधी असतो; वूफर (खालच्या सुरांचा) आणि ट्वीटर (वरच्या सुरांचा) यांना स्वतंत्र ॲम्प्लिफायर थेट जोडलेले. मध्ये क्रॉसओव्हरची कॉइल नसल्याने वूफरवर पकड चांगली राहते, डग्गा स्वच्छ घुमतो. नुसत्या ‘पॉवर्ड’ जोडीत मात्र बहुधा एकाच डब्यात ॲम्प्लिफायर असतो आणि क्रॉसओव्हर जुन्याच पद्धतीचा, म्हणजे ॲम्प्लिफायरच्या नंतर. घेताना हे विचाराच!

तोटे आहेत: प्रत्येक डब्याला प्लग लागतो, सर्किट बिघडलं तर अख्खा स्पीकर दुरुस्तीला न्यावा लागतो. तरी मुंबईतल्या छोट्या खोलीसाठी मी ॲक्टिव्हच सुचवेन. भिंतीला खेटून फुगणारा बेस बऱ्याच मॉडेलांत मागच्या स्विचने उतरवता येतो.