खाणकामगारांच्या छातीचा एक्स-रे : फिल्मपासून डिजिटलपर्यंत

सातारा-सांगलीत कोळशाची खाण नाही. इथे खाण म्हणजे काळ्या दगडाची, शेजारी खडी क्रशर. पण इथल्या कामगाराचा एक्स-रे ज्या मापाने वाचायचा, ते माप दूरच्या खाणींनी घडवले. १९३० साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची सिलिकोसिस (सिलिकाच्या बारीक धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार) परिषद जोहान्सबर्गला, सोन्याच्या खाणींच्या गावात भरली. एक्स-रेतल्या खुणांच्या वर्गीकरणाचा पहिला आराखडा तिथला. पुढे तो अनेकदा सुधारला.

या पद्धतीत डॉक्टर फिल्म नुसती बघत नाही, संघटनेच्या नमुना-प्रतिमा शेजारी ठेवून ताडून पाहतो. गोल ठिपका दीड मिलिमीटरपर्यंत ‘पी’, तीनपर्यंत ‘क्यू’, दहापर्यंत ‘आर’; त्यापुढे मोठा डाग. ठिपक्यांच्या दाटीचे गट ० ते ३. नोंद १/० असेल तर अर्थ असा, की गट १ धरला, पण ०चाही गंभीरपणे विचार केला. शंका लिहून ठेवायची ही सोय फार शहाणपणाची.

संगणकीय एक्स-रे १९८०च्या दशकात आला. वर्गीकरणात डिजिटल प्रतिमेला जागा मिळाली ती २०११च्या आवृत्तीत. अमेरिकेने कोळसा खाणकामगारांसाठी ती २०१२ मध्ये स्वीकारली. अडचण अशी, की तेव्हाचे नमुने मूळचे फिल्मवरचे आणि डिजिटल प्रतिमा मात्र सॉफ्टवेअर घडवते. कडा ठळक करणारी सेटिंग चढी ठेवली, की निरोगी फुप्फुसातही बारीक ठिपके भासतात. किरणांचा डोस कमी पडला तर प्रतिमा रवाळ होते आणि तो रवाच ‘पी’ वाटतो. श्वास अर्धवट घेतला तर तळाशी रक्तवाहिन्या दाटतात. म्हणून छाती डिटेक्टरला टेकवायची, खांदे पुढे घ्यायचे, श्वास पूर्ण भरायचा. ट्यूब पाठीमागे सुमारे १८० सेंमीवर, व्होल्टेज १०० किलोव्होल्टच्या वर. वाचन मूळ डायकॉम (वैद्यकीय प्रतिमांचे ठरलेले स्वरूप) फाइलवरून, वैद्यकीय मॉनिटरवर. मोबाइलवर आलेल्या जेपीजीवरून गट ठरवणे म्हणजे अंदाजपंचे.

भारतात १९५२च्या खाण कायद्याखालच्या नियमांनी कामावर घेताना आणि नंतर दर पाच वर्षांनी तपासणी बंधनकारक केली. मात्र त्याच कायद्याच्या कलम ३ने खडी, मुरूम, इमारती दगडाच्या उघड्या खाणींना बहुतेक तरतुदींतून सूट दिली. अटी तीन: खोली सहा मीटरपर्यंत, माणसे पन्नासपर्यंत, सुरुंग नाही. लहान खाणीवरचा माणूस एक्स-रेपासून लांब राहिला, त्याचे एक मूळ इथे आहे.

तसे पाहिले तर ताज्या बेसाल्टमध्ये, म्हणजे इथल्या काळ्या दगडात, मोकळी सिलिका थोडीच असते. सांगली-मिरज-कुपवाडच्या फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) साच्याची वाळू मात्र मुख्यतः क्वार्ट्झ, म्हणजे मोकळी सिलिकाच. तिथे धोका जास्त. पण फाउंड्री खाण कायद्यात नव्हती, ती १९४८च्या कारखाना कायद्यात होती.

सिलिकोसिसचे ठिपके बहुधा फुप्फुसाच्या वरच्या भागात उमटतात. क्षयही बऱ्याचदा तिथेच, आणि सिलिकोसिस झालेल्याला क्षयाचा धोका जास्त. एक सापडला म्हणून दुसरा नाही असे धरता येत नाही. एक्स-रेच्या चिठ्ठीवर नुसते ‘खोकला’ न लिहिता काम कोणते आणि किती वर्षे हे लिहिले, तर वाचणारा दोन्ही शोधतो आणि थुंकीची तपासणीही मागवतो.