मेंदूच्या लहरींवरून दारूचे व्यसन ओळखता येते का? : पार्श्वभूमी

माणसाच्या मेंदूचा पहिला विद्युत आलेख १९२४ मधला, पण व्यसनाच्या चर्चेत येणारी लहर सापडली १९६५ मध्ये. अनपेक्षित खूण दिसली की साधारण ३०० मिलिसेकंदांनी आलेखात उंचवटा येतो, तोच पी-३००. वर्षानुवर्षे पिणाऱ्यांमध्ये तो बुटका दिसे. दारूने मेंदू झिजवला, असा त्याचा सरळ अर्थ लावला जाई.

१९८४ च्या एका अभ्यासाने हा अर्थ डळमळीत केला. व्यसनी वडिलांच्या ७ ते १३ वर्षांच्या मुलग्यांनी दारूला स्पर्शही केला नव्हता, तरी त्यांचा उंचवटा बुटकाच निघाला. म्हणजे ही खूण पिण्याच्या आधीपासूनची असू शकते. शिवाय स्किझोफ्रेनियातही ती दिसते. तेव्हा ‘ओळखणे’ हा शब्द जपून वापरायला हवा होता. झाले उलटेच.

१९९९ मध्ये व्यसनी आणि निर्व्यसनी अशा १२२ जणांच्या मेंदूच्या आलेखांच्या नोंदी सर्वांसाठी खुल्या झाल्या. डोक्यावर ६४ इलेक्ट्रोड, सेकंदाला २५६ मोजमापे. समोर एक चित्र, किंवा लागोपाठ दोन, कधी तेच तर कधी वेगळे. त्यातल्या एका संचात १० व्यसनी आणि १० निर्व्यसनी होते. व्यसनी कोण हे संगणकाला शिकवायच्या फायलींत हेच वीस जण आणि परीक्षेच्या फायलींतही हेच वीस. बदलल्या त्या फक्त नोंदी. संचासोबतच्या माहितीत हे स्पष्ट लिहिलेले आहे, लपवलेले काहीच नाही. पण प्रत्येकाचा आलेख थोडाफार त्याचा स्वतःचाच असतो: कवटीची जाडी वेगळी, अल्फा लहरीचा, म्हणजे निवांत असताना उमटणाऱ्या लहरीचा, वेग वेगळा. त्यामुळे प्रोग्रॅम व्यसन ओळखतो की ‘हा मघाचाच माणूस’ एवढेच ओळखतो, हे कळायला मार्ग उरत नाही. पुढे सगळे १२२ जण घेणाऱ्यांपैकीही अनेकांनी शिकवणे आणि परीक्षा यांतली वाटणी माणसांची न करता एकेका सेकंदाच्या तुकड्यांची केली. शंभराला टेकलेली अचूकता वाचताना मी आधी ही वाटणी शोधतो. बहुतेक वेळा पुढे वाचायची गरज पडत नाही.

दरम्यान निदानाची भाषाही बदलली. २०१३ पासून अमेरिकी निदानपुस्तिकेत सौम्य, मध्यम आणि तीव्र अशा पायऱ्या आहेत. या संचात मात्र फायलीच्या नावातले चौथे अक्षर अजून दोनच प्रकार जाणते: व्यसनी असेल तर ‘ए’, नसेल तर ‘सी’.