‘डिस्टंट ओरिजिन’मधले व्होथ आले कुठून?

व्हॉयेजर या अंतराळयानाची कथा सांगणाऱ्या ‘स्टार ट्रेक: व्हॉयेजर’ या विज्ञानकथा मालिकेचा ‘डिस्टंट ओरिजिन’ हा भाग अमेरिकेत ३० एप्रिल १९९७ रोजी दाखवला गेला. त्यातले परग्रहवासी व्होथ हे पृथ्वीवरच्या हॅड्रोसॉरांचे, म्हणजे बदकासारख्या चोचीच्या शाकाहारी डायनोसॉरांचे वंशज, पण आपण आता राहतो त्या दूरच्या अंतराळातलेच मूळ रहिवासी, असा त्यांच्या राज्यकर्त्यांचा आग्रह. गेगेन हा शास्त्रज्ञ त्याविरुद्ध पुरावा मांडतो, त्याच्यावर खटला भरतात आणि व्हॉयेजरच्या लोकांना वाचवण्यासाठी तो आपलं म्हणणं मागे घेतो. १६३३ साली गॅलिलिओवर चाललेला खटला इथे स्पष्ट दिसतो.

बुद्धिमान डायनोसॉरची कल्पना मात्र प्रयोगशाळेतूनही आली आहे. कॅनडाचे पुराजीवशास्त्रज्ञ डेल रसेल यांनी १९८२ मध्ये मूर्तिकार रॉन सेगाँ यांच्यासोबत ‘डायनोसॉरॉइड’चा पुतळा घडवला. आधार होता स्टेनोनिकोसॉरस या दोन पायांवर चालणाऱ्या लहान डायनोसॉरचा: मोठे डोळे, पकड घेणारी बोटं आणि शरीराच्या मानाने इतर डायनोसॉरांहून बराच मोठा मेंदू. ही वाढ चालू राहिली असती तर मेंदू सुमारे ११०० घनसेंटिमीटरपर्यंत गेला असता, असा रसेल यांचा अंदाज. पुतळा फारच माणसासारखा झाला, ही त्यावरची टीका योग्यच आहे. मोठ्या मेंदूला ताठ पाठ आणि आखूड मान लागतेच असं नाही. पक्षी त्याशिवाय हुशार आहेत. व्होथांचा माणसासारखा बांधा हाच दोष पुढे नेतो, अर्थात तिथे रबरी मुखवट्याआड अभिनेता असतो.

हॅड्रोसॉरची निवड त्याहून अडचणीची. त्याची मधली तीन बोटं एकाच मांसल आवरणात बांधलेली, शरीराचा भार पेलणारी, अंगठा नाहीच. करंगळी तेवढी मोकळी. अशा हातातून अवजार धरणारा हात घडवायला खूपच मोठा फेरफार लागतो. स्टेनोनिकोसॉरसकडे ती सोय आधीच होती.

या भागातला संगणकावर डायनोसॉरची उत्क्रांती पुढे नेण्याचा प्रसंग मात्र उत्तम आहे, कारण तो रसेल यांचीच पद्धत वापरतो: ज्ञात सांगाडा घ्यायचा आणि त्यातल्या प्रवृत्ती पुढे ताणायच्या. चूक आहे ती सुरुवातीच्या प्राण्यात. माणूस आणि डायनोसॉर यांचा समान पूर्वज म्हणून तिथे एरिओप्स येतो. प्रत्यक्षात एरिओप्स पर्मियन काळातला, साधारण २९.५ कोटी वर्षांपूर्वीचा उभयचर. सस्तन आणि सरीसृप यांच्या वाटा ३१ कोटी वर्षांपूर्वीच वेगळ्या झाल्या होत्या. तिथे पर्मियनच्या आधीच्या कार्बोनिफेरस काळातला, सरड्याएवढा, कवचाची अंडी घालणारा एखादा चतुष्पाद हवा होता.