छोटी वाइड लेन्स घेताय? आधी हे वाचा, मग पैसे काढा

आठवड्यातून दोन-तीन जण तरी आमच्या कॅमेऱ्याच्या दुकानात काउंटरवर येऊन म्हणतात, मिररलेससाठी (म्हणजे आत आरसा नसलेल्या डिजिटल कॅमेऱ्यासाठी) एखादी छोटीशी वाइड (रुंद दृश्य पकडणारी लेन्स) दाखवा, पण जरा कॅरेक्टरवाली. आणि कॅरेक्टर म्हणजे नक्की काय हो विचारलं की हात हवेत फिरवतात. हसत नाही आम्ही, आम्हालाही एका वाक्यात सांगता येत नाही, म्हणून रोज तोंडाने जे सांगतो ते एकदाचं छापून टाकलंय.

आमच्या हिशोबाने कॅरेक्टर म्हणजे लेन्सची खोड, जी तुम्हाला आवडते. कोपरे थोडे अंधारतात, उन्हाकडे धरली की एखादा फ्लेअर, म्हणजे उजेडाचा डाग किंवा पट्टा, येतो, रस्त्यावरच्या दिव्याची टोकदार चांदणी होते. पण खोड वेगळी आणि बिघाड वेगळा. अंधारलेले कोपरे नकोसे झाले तर सॉफ्टवेअरमध्ये एक स्लायडर सरकवला की गेले, कोपऱ्यातली पानं आणि विटा पुसल्यासारख्या दिसायला लागल्या तर मात्र त्या परत आणणारा स्लायडर अजून कोणी काढलेला नाही.

हा घोळ सगळ्यात जास्त होतो जुन्या रेंजफाइंडर लेन्समध्ये, म्हणजे लायकासारख्या आरसा नसलेल्या फिल्म कॅमेऱ्यांच्या लेन्समध्ये. दिसायला इतक्या गोड की हातातून ठेववत नाहीत, आणि लायका एम माउंटचं (लेन्स बसते त्या कड्यापासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचं) अंतर २७.८ एमएम, सोनी ई चं १८, म्हणजे मधे जोडायचा ॲडॅप्टर जेमतेम एक सेंटीमीटरचा, सगळं कसं छान बसतं. पण यातल्या बऱ्याच वाइडची मागची काच फिल्मच्या अगदी जवळ जाते, त्यामुळे कोपऱ्यात प्रकाश खूप तिरका पडतो. फिल्मला त्याचं काही नव्हतं. सेन्सरवर मात्र काचेचा थर असतो आणि तिरका किरण त्यातून जाताना भरकटतो, मग कडा पुसट आणि वर गुलाबी-जांभळी झाक. आमच्यापैकी एकाने अशीच एक जुनी २१ एमएम हौसेने घेतली आणि थेट पुण्यात पालखीला घेऊन गेला. मधले वारकरी झकास, कडेच्या सगळ्यांचे पांढरे सदरे गुलाबी! शेवटी सगळे फोटो ब्लॅक अँड व्हाइट केले आणि मुद्दामच तसे काढले असं सांगत फिरला.

एसएलआरच्या, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांच्या, जुन्या लेन्सना हा त्रास बराच कमी, कारण आरशाला जागा द्यायला मागची काच लांब ठेवलेली असते. पण मग ॲडॅप्टर लांबतो. ऑलिंपस ओएमची झुइको २१ एमएम एफ ३.५ बघा (एफचा आकडा ॲपर्चरचा, म्हणजे लेन्समधल्या भोकाचा, आकडा लहान तितकं भोक मोठं), काय इटुकली लेन्स आहे, पुढचा फिल्टर ४९ एमएमचा, आणि सोनीवर लावायला मागे २८ एमएमची नळी, म्हणजे जवळजवळ दुसरी लेन्सच. खिशात बसेल म्हणून घेत असाल तर सोडा.

आम्हाला स्वतःला विचाराल तर फुल फ्रेम (३५ एमएम फिल्मएवढ्या सेन्सरच्या) सोनीवाल्यांना आम्ही आधी फॉइग्टलँडरची कलर-स्कोपार २१ एमएम एफ ३.५ दाखवतो, तीसुद्धा ई माउंटचीच, कारण ती सोनीचा सेन्सर धरूनच बनवलीये. वजन २३० ग्रॅम, फिल्टर ५२. ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवलं तर कोपरे चांगलेच अंधारतात, ती तिची खोड. ॲपर्चरची पाती १०, त्यामुळे ॲपर्चर बारीक केलं की दिव्याची १० टोकांची स्वच्छ चांदणी येते (पाती ९ असती तर टोकं १८ झाली असती, ते जरा गिचमिड दिसतं). ऑटोफोकस नाही. ऐकून लगेच तोंड वाकडं करू नका, एफ ८ ला ठेवून फोकस २ मीटरवर लावला की साधारण १ मीटरपासून पार क्षितिजापर्यंत सगळं चालण्याइतकं शार्प येतं, गल्लीत आणि गर्दीत रिंगला हात लावायची वेळच येत नाही.

पण घरात पळणारं पोर असेल किंवा लग्नाची कामं करत असाल तर ऑटोफोकसच घ्या, उगाच हौस नको. सोनीची २४ एमएम एफ २.८ जी १६२ ग्रॅम, सॅमयांगची १८ एमएम एफ २.८ तर १४५. दोन्ही कामाला चोख, खोडी फारशा नाहीत. फुजीवाल्यांचं नशीब चांगलं, त्यांची १८ एमएम एफ २ आहे ११६ ग्रॅमची, २०१२ पासूनची, मोटर कुरकुरते आणि कोपरे मऊ, तरी लोक विकायला काढत नाहीत. आणि हो, एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरची) बॉडी असेल तर दीडने गुणा, २१ ची साधारण ३२ होते, वाइडपणा गेलाच म्हणायचा. हे विसरून लेन्स घरी नेणारे बरेच.

जुनी लेन्स घेताना मोबाईलचा टॉर्च मागून मारून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर फंगस, आपल्याकडच्या पावसाळ्यात ती वाढतेच, कितीही स्वस्त मिळाली तरी नको.

घ्यायची असो नसो, स्वतःची बॉडी, चार्ज केलेली बॅटरी आणि कार्ड घेऊन या. समोरच्या बिल्डिंगची विटांची भिंत एफ ८ ला काढा, डावा आणि उजवा कोपरा झूम करून शेजारी शेजारी बघा, एकच बाजू मऊ असेल तर ती काच तिरकी बसलीये, दुसरा पीस मागा, आम्ही देतो. मग एक पांढऱ्या भिंतीचा, गुलाबी झाक बघायला. शक्यतो साडेचार-पाचला या, तेव्हा ऊन बरोबर दारातून समोर येतं आणि फ्लेअर कसा पडतो ते फुकटात कळतं.