सगळं खापर निळ्या प्रकाशावरच का?

रात्रीचे बारा वाजून गेले तरी पोरं जागी दिसली की घरातल्या मोठ्यांचा निकाल तयार असतो: मोबाइल! कुणी थोडंफार वाचलेलं असेल तर पुढची पुस्तीही जोडतो, "तो निळा प्रकाश असतो ना, त्यानं झोप उडते." यात तथ्य आहे, पण सांगितलं जातं तेवढं नाही.

आधी मोबाइल बाजूला ठेवू. अंधार पडू लागला की मेंदूतली पिनिअल ग्रंथी मेलाटोनिन हे संप्रेरक स्रवू लागते आणि रात्र झाल्याची वर्दी शरीरभर पोचते. वयात येताना ही वर्दीच उशिरा येऊ लागते, काही मुलांत तर दोन तासांपर्यंत. शिवाय दिवसभर जागं राहून झोपेची जी गरज साठत जाते, तीही या वयात लहान मुलांपेक्षा सावकाश साठते. मेरी कार्सकॅडन या अमेरिकी संशोधिकेनं वयात येणं आणि झोप यांचं हे नातं दाखवून दिलं, तेव्हा स्मार्टफोन जन्मालाही आला नव्हता. म्हणजे दहा वाजता डोळा न लागणारा पंधरा वर्षांचा मुलगा दर वेळी हट्टीपणाच करत असतो असं नाही.

आता निळा प्रकाश. डोळ्याच्या दृष्टिपटलात काही पेशी अशा असतात की चित्र दिसण्यापेक्षा उजेड किती आहे हे मोजणं, हे त्यांचं मुख्य काम. त्यांच्यातलं मेलानॉप्सिन हे रंगद्रव्य ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतं आणि 'अजून दिवस आहे' असा निरोप मेंदूतल्या घड्याळाकडे जातो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १२ तरुणांना झोपण्याआधी चार-चार तास, सलग पाच रात्री, टॅब्लेटवर वाचायला लावलं आणि तितक्याच रात्री छापील पुस्तक दिलं. खोली अंधूक, पडद्याचा उजेड पूर्ण वाढवलेला. टॅब्लेटमुळे मेलाटोनिन दबलं, शरीराचं घड्याळ जवळपास दीड तास मागे पडलं. झोप लागायला मात्र सरासरी १० मिनिटंच जास्त लागली. पुढच्याच वर्षी स्वीडनमधल्या संशोधकांनी तरुणांना आधी साडेसहा तास लख्ख उजेडात बसवलं आणि मग दोन तास टॅब्लेट हातात दिला. मेलाटोनिनमध्ये फरकच पडला नाही! दिवसभर खोलीत कोंडून घेतलेल्या डोळ्यांनाच रात्रीचा पडदा जास्त बाधत असावा. पडदा पिवळसर करून निर्धास्त होणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

मग बारा-एकपर्यंत जागवतं कोण? माझ्या मते, पडद्यापलीकडची माणसं. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी १३ ते १८ वर्षांच्या ३२ मुलामुलींना एमआरआय यंत्रात झोपवून फोटो दाखवले. त्यात त्यांनी स्वतः दिलेले फोटोही होते. प्रत्येक फोटोखाली 'लाइक्स'चा आकडा होता, तो मात्र संशोधकांनी ठरवलेला. तोच फोटो निम्म्या मुलांना भरपूर लाइक्ससह दिसला, निम्म्यांना जेमतेम. आपल्या फोटोला भरभरून लाइक्स दिसले की मेंदूतलं न्यूक्लिअस अकम्बन्स, म्हणजे बक्षीस मिळाल्यावर चेतणारं केंद्र, जास्त सक्रिय व्हायचं. दुसऱ्यांचे फोटो आवडणं-नावडणंही त्या खोट्या आकड्यावर हललं.

किशोरवयात मित्रमंडळींचं मत म्हणजे सर्वस्व, हे पूर्वीही होतं. फरक एवढाच की पूर्वी दार लागलं की ती मंडळी आपापल्या घरी जात. आता ती उशाशी असतात. रात्री साडेअकराला ग्रुपवर कुणीतरी खोचक काही टाकतं, आणि ज्याच्याबद्दल टाकलं तो नुसता वाचून गप्प राहिला तर त्याचाही अर्थ काढला जातो. खरंच झोपला होता की रुसला होता, हे पलीकडच्याला कळणार कसं? अशा वेळी पडद्याचा रंग कुठलाही असो, छाती धडधडतेच.

अर्थात, झोप येत नाही म्हणून फोन हातात घेणारी मुलंही असतात; तिथे कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हे पाहण्यांतून सुटं करता येत नाही. साडेतीन लाखांहून अधिक किशोरांच्या माहितीचं एक विश्लेषण २०१९ साली प्रसिद्ध झालं. त्यांच्या मनःस्वास्थ्यातल्या फरकांपैकी फार तर ०.४ टक्के फरकाचा संबंध डिजिटल वापराशी लागत होता. अर्थात सरासरीत, त्या साडेअकराच्या निरोपानं रात्रभर तळमळणारी मुलगी दिसत नाही.

या वयाला रोज ८ ते १० तासांची झोप लागते. सिॲटल शहरानं २०१६ मध्ये वरच्या वर्गांची शाळा ७:५० ऐवजी ८:४५ ला भरवायला सुरुवात केली. मुलं आता आणखी उशिरा झोपतील, अशी शंका घ्यायला जागा होती. दोन शाळांतल्या मुलांच्या मनगटावर नोंदयंत्र बांधून मोजलं, तेव्हा बदलाआधीच्या वर्षीच्या मुलांपेक्षा त्यांची झोप रोज सुमारे ३४ मिनिटांनी जास्त भरली. झोपायची वेळ फारशी बदललीच नव्हती. मुलं सकाळी उशिरा उठत होती, इतकंच. आणि या सगळ्या बदलाचा फोनशी काही संबंध नव्हता.